ऑकलंड ते नागपूर : एकाहत्तर मिनिटं

किती वाजले असं कुणी विचारलं, की सुबोध गोतमारेला आधी आपण कुठे आहोत ते आठवावं लागायचं.

त्या मंगळवारीही तसंच झालं. बुटीबोरीजवळच्या कमानतळावरून बाहेर पडल्यावर टॅक्सीवाल्याने सहज विचारलं, "काय टाइम झाला साहेब?" आणि सुबोध मनगटाकडे बघत नुसता उभा राहिला. घड्याळात पावणेसहा वाजले होते. समोर मात्र फेब्रुवारीतलं सकाळचं ऊन होतं आणि रस्त्याकडेला संत्र्यांच्या ढिगांवर बाया पाणी शिंपडत होत्या.

"सव्वादहा," तो शेवटी म्हणाला.

पावणेसहा ऑकलंडचे होते. तिथल्या समुद्रात बांधलेल्या तळावरून तो दुपारी चारला निघाला होता. अकरा हजार नऊशे किलोमीटर, एकाहत्तर मिनिटं. आता बुटीबोरी ते प्रतापनगर या तीस किलोमीटरना वर्धा रोडवर तासभर लागणार होता.

तो ज्या यानाने आला, त्याला लोक नुसतं कमान म्हणत. दिसायला ते जाड पंखांच्या विमानासारखंच, पण चढायचं ते जवळजवळ सरळ. शंभर किलोमीटरच्या आसपास, जिथे हवा संपल्यातच जमा असते, तिथे इंजिनं बंद व्हायची. मग भिरकावलेल्या दगडासारखं ते पृथ्वीच्या पाठीवरून एक लांबलचक कमान घेत जायचं. अडवायला हवाच नसल्याने ताशी वीस हजार किलोमीटरचा वेग टिकायचा. पलीकडच्या टोकाला पुन्हा हवेत शिरताना त्याचं पोट लाल तापायचं, वेग उतरायचा आणि शेवटी घारीसारखं तरंगत ते धावपट्टीवर टेकायचं. इंधन चढण्यापुरतंच असे. त्यामुळे एकदा निघालेली कमान वाटेत वळत नसे, थांबत नसे, आणि उतरताना चुकली तर पुन्हा घिरटी घेण्याची सोय नव्हती. म्हणून आकाश अगदी स्वच्छ आणि शांत असेल तरच ती सोडत.

याच प्रवासाला साध्या विमानाने दोन ठिकाणी बदलून सव्वीस तास लागत. कमानी सुरू झाल्यापासून नागपूरकरांना भामरागडपेक्षा ऑकलंड जवळ झालं होतं.

प्रतापनगरच्या फ्लॅटचं दार रेवनाथने उघडलं. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं वॉर्डात काम करून निवृत्त झालेला हा माणूस आबांपाशी राहायला होता. सुबोध येई तेव्हा तेवढी त्याला सुटी मिळे. पिशवी खांद्याला लावून तो तयारच उभा होता.

"काकाजी कवाचे वाट पाहून राहिले," तो म्हणाला. "दाढी तुमच्याच हातची पाहिजे म्हणतेत."

आबा, म्हणजे यादवराव गोतमारे, खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. उमरेडच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी जन्म घालवला होता. तीन वर्षांपूर्वीच्या झटक्याने डावं अंग गेलं, बोलणं तुटक झालं, पण उजवा हात आणि डोकं शाबूत होतं.

"गाडी टायमावर?" त्यांनी विचारलं. ते दर वेळी हेच विचारत.

"टायमावर, आबा."

सुबोध पाय धरायला वाकला आणि उठताना समोरची भिंत हळूच डावीकडे कलली. त्याने खुर्चीचा दांडा पकडला. दोन श्वासांत भिंत जागेवर आली. आबांनी ते पाहिलं असावं.

हे सगळं सुरू झालं ते चौदा महिन्यांपूर्वी, आणि सुरू केलं होतं वैजूताईने.

वैजयंती सुबोधपेक्षा पाच वर्षांनी मोठी. वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक, एकटी राहणारी. आई गेली तेव्हा, आबांना झटका आला तेव्हा, मधल्या सगळ्या दवाखान्यांत तीच होती. सुबोध ऑकलंडच्या पाणीपुरवठ्यात कामाला होता. जमिनीखालच्या नळांना यंत्राचा कान लावून गळती कुठे आहे ते शोधायचं त्याचं काम. तो रोज व्हिडिओवर दिसायचा आणि फोन ठेवताना न चुकता म्हणायचा, "इतका लांब आहे ना ताई, नाहीतर आलो असतो." ते खोटं नव्हतं. सव्वीस तास म्हणजे खरोखरच लांब.

कमान सुरू झाली तेव्हा पहिल्या महिन्यात तो चार वेळा आला. येताना लोकरीची शाल, चीज, मध असं काहीबाही आणायचा. आबांशी दोन तास गप्पा मारायचा, ताईच्या हातचं भरीत खायचा आणि निघायचा. चौथ्या वेळी ताईने त्याच्यासमोर एक पत्र ठेवलं. लाहौलच्या खोऱ्यात थंडीत तगणाऱ्या जुन्या बियाण्यांचं एक केंद्र उभं राहत होतं. तिथे दोन वर्षांसाठी तिला बोलावलं होतं.

"छानच की," सुबोध म्हणाला. "पण आबांचं?"

"तेच विचारतेय मी तुला. आबांचं?"

त्याने पत्राची घडी घालून ते परत तिच्याकडे सरकवलं.

"याआधी दोनदा मी अशा ठिकाणांना नाही म्हटलं," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेव्हा तू लांब होतास, आणि ते मला पटत होतं. आता तू सत्तर मिनिटांवर आहेस. माझं कॉलेज इथून पन्नास मिनिटांवर आहे, सुबोध. मी रोज जाऊन येऊन सगळं केलंच ना?"

"केतकीशी बोलावं लागेल."

"बोल ना. पण पाहुणा होऊन येणं आता बस झालं."

तो बायकोशी, केतकीशी बोलला. खरं तर त्याने तिला सांगितलं. मंगळवारी एक रात्र, शनिवार-रविवार दोन. कचेरीने कामाच्या वेळा जुळवून दिल्या. ताई लाहौलला गेली. सरळ रेषेत नागपूरपासून तेराशे किलोमीटर, पण हिवाळ्यात त्या खोऱ्यातून बाहेर पडायला अडीच दिवस लागत, आणि तेही बर्फाची मर्जी असली तर. कमान तिथे जाणार नव्हती.

पहिले काही महिने सुबोधला स्वतःचं कौतुक वाटलं. मग कौतुक विरलं आणि एक विचित्र अस्वस्थता राहिली. आबांना पेज भरवताना त्याला ऑकलंडच्या बागेतलं गवत कापायचं राहिलंय हे आठवे. ऑकलंडला नळावर यंत्र लावून बसला, की पाण्याच्या आवाजात आबांच्या घशातली घरघर ऐकू येई. शरीर एकाहत्तर मिनिटांत पोचायचं. बाकीचा सुबोध पोचेपर्यंत परतीची वेळ झालेली असायची. झोप तर कुठल्याच देशाची उरली नव्हती.

त्याची मुलगी इरा पंधरा वर्षांची होती. एकदा जेवताना तो चमचा हातात धरून डुलकी घ्यायला लागला, तेव्हा तिने टेबलावर टिचकी मारली.

"बाबा, तू आत्ता कुठे आहेस?"

"इथेच की."

"नाहीस," ती म्हणाली. चिडूनही नाही, नुसतं मोजमाप सांगावं तसं.

इरा मोकळ्या पाण्यात पोहायची. मार्चच्या पहिल्या शनिवारी बंदराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोहण्याची शर्यत होती, दोन किलोमीटर आठशे मीटर. नियम असा, की प्रत्येक पोहणाऱ्याच्या बाजूला एका छोट्या होडीत त्याचं माणूस वल्हवत असलं पाहिजे. दम लागला, पेटका आला तर हात द्यायला. इराने सुबोधचं नाव लिहिलं होतं. आईचं लिहायचं का, असं केतकीने विचारलं होतं, तर नको म्हणाली.

"या वेळी चुकवू नकोस," केतकी त्याला म्हणाली. ती एका इस्पितळात औषधांच्या विभागात होती, मोजकं बोलायची. "ती मागत नाही काही. हे मागितलंय."

"चुकवेन कसा? सत्तर मिनिटं तर आहेत."

दोघांनाही ते वाक्य इतकं सवयीचं झालं होतं, की त्यावर कुणी थांबलं नाही.

भिंती कलायला लागल्या त्या जानेवारीत. आधी पायऱ्या उतरताना, मग वाकून उठताना, मग नुसती मान वळवली तरी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आबांची औषधं घ्यायला बाहेर पडलेला असताना, तो धरमपेठेत कानाच्या डॉक्टरांकडे गेला. डॉ. अर्पिता झोडेंनी त्याला फिरत्या खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवला आणि पडद्यावर त्याची बुबुळं कशी थरथरतात ते दाखवलं.

"आतल्या कानात एक ओलसर गादी असते," त्या म्हणाल्या. "तिच्यावर खडूच्या भुकटीसारखे कण बसलेले असतात. मान वाकवली की ते कण सरकतात आणि मेंदूला कळतं, खाली कुठल्या बाजूला आहे. कमानीत मधला अर्धा तास वजनच नसतं. कण नुसते तरंगतात. मग उतरताना एकदम तिप्पट वजन पडतं. या हिसक्याने काही कण सुटतात आणि भलत्या नळीत जाऊन बसतात. सगळ्यांचंच थोडंफार होतं. आठ-दहा दिवसांत बहुतेकांचं निस्तरतं."

"मग माझं?"

"तुम्ही त्याला आठ-दहा दिवस दिलेत कधी? किती कमानी झाल्या?"

"येऊन-जाऊन... सव्वादोनशे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कंपनी दर महिन्याला फॉर्म भरून घेते ना? चक्कर येते का म्हणून विचारतात."

"'नाही' असं लिहितो."

"एक वर्ष पूर्ण बंद," डॉ. झोडे म्हणाल्या. "व्यायाम देते, बरंचसं भरून येईल. पण अशाच चालू ठेवल्यात, आणखी पंधरा-वीस, तर तोल कायमचा जाईल. जिना चढता येणार नाही, अंधारात उभं राहता येणार नाही."

"वर्षभर बंद. म्हणजे मी कुठल्या बाजूला राहायचं?"

"ते काही कानात दिसत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी थट्टेने म्हटलं नव्हतं.

सुबोधने ते कागद औषधांच्या पिशवीच्या तळाशी घातले. ताईला सांगितलं तर ती सगळं सोडून परत येणार. केतकीला सांगितलं तर ती म्हणणार, मग इकडेच थांब. दोघींचंही चुकलं नसतं. ताईचे दहा महिनेच राहिले होते. तेवढे कसेतरी काढू, असं त्याने ठरवलं आणि तीन आठवडे तसेच काढले, दर वेळी दोन्ही हातांनी आसनाचे दांडे घट्ट धरून.

शर्यतीच्या आधीच्या शनिवारी सकाळी तो आबांना आंघोळीला नेत होता. रेवनाथ भावाकडे काटोलला गेला होता. रोजचीच रीत: आबांची बगल खांद्यावर घ्यायची, उजव्या हाताने त्यांनी पलंगाचा कठडा धरायचा, एक-दोन-तीन म्हणून उचलायचं आणि खुर्चीत वळवायचं.

"एक," सुबोध म्हणाला. "दोन."

तीनला खोली फिरली. जमीन भिंतीच्या जागी गेली आणि भिंत त्याच्या अंगावर आली. आपण आबांना धरलंय की आबांनी आपल्याला, हेही कळेनासं झालं. मग एक आवाज आला, ओली काटकी मोडावी तसा.

तो डोळे मिटून रांगत पुढे सरकला. आबा पलंग आणि खुर्ची यांच्या मधे पडले होते. चेहरा पांढरा पडला होता. उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. जो एकच हात त्यांचा स्वतःचा उरला होता, तोच.

"आबा... आबा, मी..."

आबांचे ओठ बराच वेळ जुळत राहिले. शेवटी शब्द आले ते स्पष्ट आले.

"धरता येत नाही, तर हात लावू नको."

दवाखान्यात मनगटात सळई घातली. दीड महिना प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. सुबोध बाकावर बसून मान न हलवता समोर बघत होता. भिंतीवरच्या पडद्यावर बातम्या चालू होत्या, सूर्याचं चित्र दाखवत होते. दोन दिवसांपूर्वी सूर्यावर मोठा भडका उडाला होता आणि त्याचा तडाखा आता पृथ्वीला बसला होता. वरच्या थरातली विरळ हवा तापून फुगते, असं बातमीदारीण सांगत होती. शंभर किलोमीटरवर किती हवा लागेल याचा भरवसा राहत नाही. उतरणाऱ्या कमानीला किंचित जास्त हवा लागली, तरी ती धावपट्टीच्या दोनशे किलोमीटर अलीकडे येईल. जगभरच्या सगळ्या कमानी अनिश्चित काळासाठी बंद. दहा दिवस लागतील, कदाचित पंधरा.

सुबोधला आधी वाटलं ते वाईट नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, की आता तिकडे कधी येतोस असं मला कुणी विचारणार नाही. मग त्याला इरा आठवली आणि त्या विचाराची लाज वाटली.

त्याने ताईला फोन लावला आणि या वेळी सगळं सांगितलं. मनगट, चक्कर, कागद.

"निघते मी," ती म्हणाली. "उद्या सकाळी बर्फ काढायची गाडी जातेय, तिच्या मागून."

केतकीला सांगणं जास्त कठीण गेलं. तिकडे रविवारची सकाळ होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थांब. कान कधीपासून असे आहेत?"

"जानेवारी."

"आणि तू त्या होडीत बसणार होतास? तिच्या शेजारी? मधे पेटका आला असता आणि तू हात द्यायला वाकला असतास, तर कोण कुणाला काढणार होतं, सुबोध?"

त्याने याचा विचारच केला नव्हता. त्याने फक्त वेळेत पोचण्याचा विचार केला होता.

"आई, दे फोन," मागून इराचा आवाज आला. फोन हातोहात गेला. "बाबा, आजोबांचा हात कसा आहे?"

"प्लास्टर आहे. बरा होईल. इरा, मी साध्या विमानाने..."

"नको," ती म्हणाली. "मला तू नकोयस होडीत. आजोबांना कोण भरवणार मग?" आणि तिने फोन ठेवला.

सोमवार आणि मंगळवार सुबोध घरात होता. रेवनाथ परत आला होता, उचलण्याचं काम तो करी. सुबोधने भरवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी आबांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दोन घास घेतले. दोन घासांच्या मधे बराच वेळ जायचा. आबांना गिळायला तेवढा लागे. आजवर सुबोधने तो वेळ कधी दिला नव्हता, घाईने तो पुढचा चमचा तयार ठेवायचा. आता निघायचंच नव्हतं. तो बसून राहिला. खाली भाजीवाली ओरडत गेली, कुणीतरी स्कूटर धुतली, आणि आबांनी तिसऱ्या घासाला आपणहून तोंड उघडलं.

मंगळवारी दुपारी ताईचा मनालीहून फोन आला. वाटेत एक रात्र तिने कुठल्याशा चौकीत काढली होती.

"रात्रीची बस मिळतेय दिल्लीची," ती म्हणाली. "गुरुवारी पोचते."

"ताई, परत जा."

"काय?"

"परत जा लाहौलला. मी इथे आहे."

"सुबोध, भावनेच्या भरात बोलू नकोस. कमानी सुरू झाल्या की..."

"सुरू होऊ देत. मला डॉक्टरांनी वर्षभर बंद केलंय. कुठल्यातरी एका बाजूला राहायचंच आहे. तुझे दहा महिने राहिलेत. मी इथे राहतो."

पलीकडे बसस्टँडचा गलका ऐकू येत होता. "केतकीला विचारलंस?"

"नाही."

"आधी तिला विचार," ताई चिडून म्हणाली. "आपल्या घरात सगळे नुसते ठरवून मोकळे होतात." पण मग तिचा आवाज खाली आला. "गव्हाचं एक वाण पहिल्यांदाच उगवून आलंय रे. मी कुणाला तरी पाणी घालायला सांगून आलेय."

"जा मग," तो म्हणाला. "मी विचारतो तिला."

त्याने विचारलं. म्हणजे खरोखर विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली. केतकी म्हणाली, "फोनवर नाही बोलायचं मला हे." पुढचे चार दिवस तिने फक्त आबांच्या औषधांविषयी विचारलं.

शनिवारी ऑकलंडमध्ये शर्यत झाली. इराच्या बाजूला केतकी होडी वल्हवत होती. तीन संध्याकाळी शिकून घेतलं होतं तिने. सुबोधला ते नंतर कळलं. त्या दिवशी फोन लागला नाही, दोघींचेही बंद होते.

रविवारी दुपारी प्रतापनगरच्या दारावर बेल वाजली. रेवनाथने दार उघडलं आणि आत वळून म्हणाला, "दादा, पाहुणे आहेत जी."

केतकी आणि इरा. पाठीवर पिशव्या, केस चिकटलेले, इराचं नाक उन्हाने सोललेलं. सिंगापूर, मग दिल्ली, मग नागपूर. सत्तावीस तास. सुबोध भिंतीला हात लावून पुढे आला. इराने ते पाहिलं आणि त्याचा दुसरा हात धरला.

"पोहलीस?" त्याने विचारलं.

"चौदावी आले. एक तास नऊ मिनिटं लागली." ती म्हणाली. "तू येतोस त्यापेक्षा दोन मिनिटं कमी."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि आबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. आबा तिच्याकडे बघत राहिले. ती सात वर्षांची असताना शेवटची आली होती.

"कोणत्या गाडीनं?" आबांनी विचारलं.

"साध्या विमानाने, आजोबा. दोनदा बदलून."

"लई वेळ लागला."

"हो. पाय सुजलेत बघा."

आबांनी खरंच वाकून बघितलं. मग ते हसायला लागले. अर्धाच चेहरा हसत होता, पण सुबोधने तो वर्षभरात तेवढाही हसताना पाहिला नव्हता.

केतकी गॅलरीत उभी होती. सुबोध तिच्याजवळ जाऊन कठडा धरून उभा राहिला.

"कमान सुरू झाली त्याला सव्वा वर्ष झालं," ती म्हणाली. "तू सव्वादोनशे वेळा गेलास-आलास. आम्ही एकदाही आलो नाही. दर महिन्याला वाटायचं, कधीही जाऊ, काय लागतंय. सव्वीस तास लागायचे, तेव्हा निदान तारीख तरी ठरवायचो."

"मी तुला आधी सांगायला हवं होतं."

"हवंच होतं. ते मी अजून विसरलेले नाही." ती खाली रस्त्याकडे बघत होती. "दहा महिने मी एकटीने तिचं बघू शकते. ते नाही म्हणत मी. पण तू माझ्या घरातून आधीच गेलेला होतास, आणि मी रोज तुझं ताट मांडत होते. त्यापेक्षा तू इथे आहेस हे मला माहीत असलेलं बरं."

सुबोधने विचारलं, "तुम्ही येत जाल?"

"महिन्यातून एकदा. माझे कान मी जपणार आहे." मग ती म्हणाली, "आणि तू नळांना कान लावायचं काम सोडू नकोस. इथेही नळ गळतच असतील."

दहाव्या दिवशी सूर्य शांत झाला आणि कमानी सोडायला लागले. इराची शाळा होती, केतकीची रजा संपली होती. बुधवारी सकाळी सुबोध त्यांना बुटीबोरीला सोडायला गेला. इराने निघण्याआधी आबांच्या प्लास्टरवर काळ्या शाईने ऑकलंडच्या बंदराचा नकाशा काढला होता आणि आपण पोहत गेलो ती रेघ दाखवली होती.

तळाच्या दाराशी केतकीने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "व्यायाम करतोस ना? डोकं वळवायचे?"

"करतो."

"फोनवर दाखवायचे. नुसतं करतो म्हणायचं नाही."

दोघी आत गेल्या. सुबोध त्यांच्यामागे काचेपर्यंत गेला. हाताने सवयीने खिशातला पास काढला होता. तो तसाच धरून तो थोडा वेळ उभा राहिला, मग दारावरच्या कारकुनापाशी गेला आणि पास परत करायचा फॉर्म मागितला. आजारपणाच्या रकान्यात त्याने खरं ते लिहिलं.

बाहेर टॅक्सी मिळेपर्यंत मागून गडगडाट झाला. त्याने वर पाहिलं नाही. मान मागे टाकली की अजून खोली फिरे, आणि इथे तर धरायला भिंतही नव्हती. वर्धा रोडवर मेट्रोच्या कुठल्यातरी कामाने रस्ता अर्धा बंद होता. ट्रक, दुचाक्या, संत्र्यांच्या गाड्या, सगळं मुंगीच्या चालीने सरकत होतं. छत्रपती चौकाच्या अलीकडे टॅक्सी पूर्ण थांबली तेव्हा फोन वाजला. इराचा निरोप होता: "पोचलो."

तो टॅक्सीतून उतरला. उरलेलं दोन-अडीच किलोमीटर अंतर त्याने फुटपाथच्या आतल्या बाजूने, कंपाउंडच्या भिंतींना हात लावत, हळूहळू चालत कापलं. दोनदा थांबावं लागलं. एका रसवंतीवाल्याने विचारलं, "काय भाऊ, बरं नाही का?" तर तो म्हणाला, "बरं आहे. सवय करतोय." दारात पोचला तेव्हा पाय भरून आले होते आणि घाम मानेवरून ओघळत होता.

आबा जेवणाच्या टेबलाशी खुर्ची लावून बसले होते. रेवनाथ वाटी घेऊन शेजारी उभा होता.

"तुमच्याबिगर घास घेत नाहीत म्हणतेत," तो म्हणाला.

सुबोधने हात धुतले, आबांसमोर स्टूल ओढून बसला आणि वाटी घेतली.

"पोचल्या का त्या?" आबांनी विचारलं.

"कधीच्या. मलाच यायला वेळ लागला."

आबांनी त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे, धुळीने माखलेल्या तळव्यांच्या खुणा उमटलेल्या शर्टाकडे नीट पाहिलं. मग मान किंचित पुढे काढली.

"बस थोडा," ते म्हणाले. "मग भरव."